ओनेझीम मामाचे शुक्रवार

माझा मामा ओनेझीम प्रीमो, याच्या पायाला भिंगरी आहे असं सगळेच म्हणत. माझी आई त्याची सख्खी धाकटी बहीण. तिचं तेवढ्यावर समाधान होत नसे. ती म्हणायची, "त्याच्या खुर्चीत कुणी निखारे ठेवलेत का ते बघा जरा." जेवायला बसला की त्याचं अर्धं लक्ष दाराकडे. चर्चमध्ये मिस्साला गेला की पाद्रीबाबांचा आशीर्वाद संपायच्या आत हा टोपी हातात घेऊन उभा. पत्ते खेळताना हरला तर उठायचा, आणि जिंकला तर त्याहून लवकर उठायचा.

मी त्याचा भाचा लेओ. आमच्यात घरातल्या धाकट्या लेओला ती-लेओ म्हणतात आणि एकदा ते चिकटलं की माणूस आजोबा झाला तरी सुटत नाही. मामासारखाच मीही पोर्ट आर्थरच्या तेलाच्या कारखान्यात होतो. तो पाइपांच्या कामावर, मी वेल्डिंगला. युद्ध संपल्यावर आमच्या लाँस प्रीमो गावातले निम्मे पुरुष लुइझियाना सोडून, सबीन नदीचा पूल ओलांडून टेक्सासात गेले, कारण भातशेतीत एवढी माणसं मावत नव्हती. तिकडचे लोक आम्हाला दलदलीतले बेडूक म्हणायचे. आम्ही त्यांना 'अमेरिकन' म्हणायचो, आणि आमच्या तोंडी ती शिवीच होती.

शुक्रवारी चारचा भोंगा वाजायच्या आधीच मामाचे हातपाय धुऊन झालेले असत. फाटकाबाहेर त्याची जुनी शेवरोले उभी, आणि मी पोचायच्या आत इंजिन सुरू. "तुझे पाय काय कर्जाऊ आणलेत का रे?" असं म्हणत तो गाडी काढायचा. सगळा उन्हाळा आणि सगळा हिवाळा, दर शुक्रवारी आम्ही दोघं ती लांबलचक वाट कापायचो आणि रविवारी तीच वाट उलटी.

का जायचो? मी जायचो कारण तिकडे माझी आई होती, आणि पुढे माझी बायको झाली ती मुलगीही तिकडेच होती. मामाचं कारण वेगळं होतं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मामा त्रेतर होता. आमच्याकडे भाजलेल्यावर, ऊन लागलेल्यावर, रक्त थांबत नसेल तर त्यावर, हात ठेवून प्रार्थना पुटपुटणारा माणूस असतो, त्याला त्रेतर म्हणतात. ती प्रार्थना आमच्या जुन्या फ्रेंचमधली, कुणालाही ऐकू जाणार नाही अशी ओठातल्या ओठात म्हणायची. आम्ही तिला नुसतं 'बोल' म्हणतो. मामाला ते त्याच्या मावशीने दिले होते. खरं की खोटं ते मला विचारू नका. माझा पंजा एकदा तापल्या पाइपवर पडला होता. मामाने हात धरला आणि आग निघून गेली, एवढंच मी सांगू शकतो.

बोलांचे नियम कडक. पैसे घ्यायचे नाहीत. कुणाला नाही म्हणायचं नाही. आणि कुणाला बरं करायला म्हणून निघालं, तर वाटेत वाहतं पाणी ओलांडायचं नाही; ओलांडलं की बोल फुकट. आजारी माणूस नदी ओलांडून आला तर चालतं, पण अंगावर चट्टे उठले म्हणून कोण एवढ्या लांब येणार? लाँसमधले लोक आपले शनिवारची वाट बघत बसायचे.

आणि इथेच मामाची गंमत होती. सबीनचा पूल जवळ आला की तो गाडी हळू करायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "मी घरी चाललोय. माझ्या आईच्या घरी. कुणाला बरं करायला नाही. ऐकलंस ना, ती-लेओ?"

"ऐकलं, मामा."

"साक्षीला राहा."

लाँसमध्ये कोण आजारी आहे याचा एक शब्द पुलाच्या आधी काढलेला त्याला खपायचा नाही. एकदा मी सहज म्हणालो, "मामा, आईचं पत्र आलं, त्या गिद्रींच्या पोराला..." तर त्याने स्टिअरिंग सोडून दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भसाड्या आवाजात गाणं सुरू केलं. समोरून लाकडाचा ट्रक येत होता. तेव्हापासून मी पुलापर्यंत तोंड शिवून बसायचो.

शनिवारी सकाळी मामाच्या आईच्या रिकाम्या घराच्या ओसरीवर माणसं जमलेली असत. कुणाचं बाळ दात येताना तळमळतंय, कुणाची मान आखडलीय. मामा एकेकाला आत घ्यायचा. बाहेर बसलेल्यांची कॉफी आणि कुचाळक्या चालत. दुपारपर्यंत सगळं आटपायचं आणि कुणीतरी ताज्या बूदँची परडी आणून ठेवायचं. बूदँ म्हणजे भात आणि डुकराचं मांस भरलेली आतडी, गरम असताना हातात धरूनच खायची. एवढं सुख समोर असताना मामा काय करायचा? उभ्याउभ्या दोन घास खायचा आणि पश्चिमेकडे बघायचा.

"तिकडे माझ्या टोमॅटोला पाणी घातलं असेल का रे एल्मीरने?"

"मामी घालते रोज."

"रोज घालते म्हणून तर विचारतोय. जास्त घालते."

शनिवारी रात्री नाच असायचा. अकॉर्डियन सुरू झालं की माझे पाय जमिनीवर राहायचे नाहीत. मामा दाराशी उभा राहून गाडीच्या किल्ल्या खुळखुळवायचा. रविवारी मिस्सा संपला की निघायची घाई. आणि सोमवारी कारखान्यात डबा उघडता उघडता म्हणायचा, "लाँसमध्ये आता भाताला पाणी सोडलं असेल, नाही?" मला हसू यायचं. कधी कधी रागही यायचा, कारण इतकी माणसं ज्याची वाट बघतात तो माणूस कुठेच धड नसतो, हे मला बघवायचं नाही.

एल्मीर मामी मात्र पोर्ट आर्थरला रुजली होती. लाँसची जन्मलेली, पण पूल ओलांडून आली ती आलीच. तिथे तिचं अंजिराचं झाड होतं, भेंडीचे वाफे होते, शेजारी दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती. ती म्हणायची, "मला माहेर नाही, सासर रिकामं. आईबाप वर गेले. मी कुणाला भेटायला जाऊ, डासांना?" दर शुक्रवारी ती मामाला कॉफीची बाटली भरून द्यायची आणि दर शुक्रवारी टोमणा मारायची. आमच्या पूर्वजांना इंग्रजांनी उत्तरेतल्या अकाडीमधून हाकललं, बोटींत कोंबून देशोधडीला लावलं, त्यालाही दोनशे वर्षं होऊन गेली. मामी म्हणायची, "इंग्रज गेले, बोटी कुजल्या, तू अजून पळतोयस. कुणीतरी सांगा रे याला, आता मागे कुणी लागलेलं नाही."

"लोक वाट बघतात, एल्मीर," मामा म्हणायचा.

"मीही बघते. पण मी भाजलेली नाही ना."

हे ती हसत म्हणायची, पण मी तिच्याकडे जेवायला असायचो, मला ते हसू नीट दिसायचं. शेजारणी सांगायच्या, शनिवारी ती दोन माणसांची ताटं मांडायची सवयीने आणि एक उचलून ठेवायची.

एका रविवारी मला ताप होता म्हणून मामा एकटाच परत निघाला. लेक चार्ल्स गावाच्या अलीकडे त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून भातशेताच्या कालव्यात गेली. पाणी कमरेइतकं होतं म्हणून वाचला. डॉक्टरने तपासलं तेव्हा कालव्यापेक्षा वाईट बातमी निघाली. हृदय थकलंय, म्हणाला. विश्रांती घ्या. गाडी चालवणं बंद.

मामीने ते दोनदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये समजून घेतलं. मग ती मामाला म्हणाली, "ऐकलंस?"

"ऐकलं. पण लोकांना कोण सांगणार?"

"मी सांगते. पत्र टाकते."

"नाही म्हणायचं नसतं, एल्मीर. तो नियम आहे. मी बोल घेतलेत, मला नाही म्हणता येत नाही." आणि पुढच्याच शुक्रवारी, छातीवर पट्टी बांधलेली असताना, तो फाटकाशी इंजिन सुरू करून बसला होता. मामी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ती-लेओ, हा माणूस मरेल रे त्या रस्त्यावर." ती रडत नव्हती. हिशेब केल्यासारखं सांगत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

यावर एकच उपाय होता: बोल दुसऱ्याला देणं. ते दिले की मामाकडून निघून जाणार, आणि मग त्याला कुणी बोलावणार नाही. पण त्यालाही नियम होतेच. आमच्या घराण्यात पुरुषाने बाईला द्यायचे आणि बाईने पुरुषाला. घेणारं माणूस देणाऱ्याहून लहान हवं. आणि देणाऱ्याने आपण होऊन पुढे करायचे नाहीत; घेणाऱ्याने स्वतः मागावे लागतात. 'माझे बोल घे' असं मामा कुणाला म्हणूच शकत नव्हता, सूचना करणंही नियमाच्या काठावरचं होतं.

त्याची सगळी आशा मुलीवर होती. मुलगी वर्ना ह्यूस्टनला नवऱ्याकडे. शाळेत फ्रेंच बोलली म्हणून मास्तरीणबाईने तिला कोपऱ्यात गुडघ्यांवर उभं केलं होतं, तेव्हापासून तिला आमची भाषा समजायची सगळी, पण तोंडातून एक शब्द निघायचा नाही. ती सणाला आली की मामाची केविलवाणी धडपड बघण्यासारखी असायची. तो जेवताना म्हणायचा, "वर्ना, माझ्या मावशीला मी मागितलं तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो हं."

वर्ना इंग्रजीत म्हणायची, "काय मागितलं, बाबा?"

"असंच. काहीतरी."

"भात वाढू?"

मी ताटात तोंड घालून हसू दाबायचो आणि मामी टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारायची. वर्ना ह्यूस्टनला परत गेली की मामा दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घालायचा. मुलीकडे नाही, तर मग कोणाकडे, हे त्याला सुचतच नव्हतं. त्याने पुतण्यांच्या मुली मोजल्या, चुलत बहिणींच्या सुना मोजल्या. कुणाला मागायची इच्छा नव्हती. बोल म्हणजे जन्मभराची चाकरी, हे सगळे त्याच्याकडे बघूनच शिकले होते.

अपघातानंतर दोनेक महिन्यांनी एका बुधवारी मी त्यांच्याकडे जेवत होतो. मामी कोळंबी सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ओनेझीम, ते बोल मला दे."

मामाचा चमचा मध्येच थांबला. "तुला?"

"मी बाई आहे. तुझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. आणि मी मागतेय. आणखी काय लागतं?"

मामाने माझ्याकडे असं पाहिलं जसा काही मी बिशप होतो. "नवराबायकोत चालतं का रे?"

"मला काय माहीत, मामा. चालत नाही असं काही ऐकलं नाही."

"तू गप जेव," मामी मला म्हणाली. मग मामाला, "मावशीने तुला काय सांगितलं होतं? बायकोला देऊ नको म्हणाली होती?"

"नाही. तसं काही नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं शेजारी झोपलेलं माणूस यादीत धरायचं राहून गेलं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, पण तुला कळतंय का? वेळी-अवेळी दार वाजणार. नाही म्हणता येणार नाही. अंगात ताप असला तरी उठावं लागेल."

"एवढी वर्षं ते दार मीच उघडतेय. तू कपडे घालत असतोस तेव्हा."

मामीने हात धुतले, ऍप्रनला पुसले आणि कोळंबी कढईत टाकली. माझ्या मनात तेव्हा तिच्याबद्दल इतका आदर दाटून आला की मी उठून तिच्या गालाचा मुका घेतला. ती म्हणाली, "चल, कोळंबीचा वास येतोय माझ्या अंगाला."

तीन सकाळी, कामावर जायच्या आधी, अंजिराच्या झाडामागे उभं राहून मामाने तिला बोल शिकवले. तिसऱ्या सकाळी ते त्याच्याकडून गेले. मी विचारलं, "कसं वाटतंय, मामा?" तो म्हणाला, "दाढ काढल्यासारखं. जीभ सारखी तिथेच जाते."

त्या शुक्रवारी तो घरी राहिला. मामीने कोंबडीचा गम्बो, म्हणजे आमच्याकडचा दाट रस्सा, केला होता, मलाही लाँसला न जाता मुद्दाम थांबवून घेतलं होतं. शनिवारी मामाने कुंपण रंगवलं. दुपारी फाटकापर्यंत जाऊन आला. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. पण संध्याकाळी तो खुर्चीत बसला होता आणि मामी समोर वाटाणे सोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. ती मला म्हणाली, "बघ, बसतो की नाही." असे तीनचार शनिवार गेले.

तिकडे लाँसमध्ये ओरड सुरू झाली. एल्मीर बोल घेऊन टेक्सासात जाऊन बसली, आता आम्ही भाजलो तर काय लोणी लावायचं का, असं आईने पत्रात कळवलं. मामीने उलट टपाली उत्तर दिलं की ज्याला गरज आहे त्याने यावं, भात शिजलेला असेल. आणि खरंच, एका शनिवारी तांदळाचा एक ट्रक भरून लाँस दारात उभं राहिलं. म्हाताऱ्या, पोरं, बूदँच्या परड्या, एक अकॉर्डियन. मामीचं स्वयंपाकघर भरून गेलं. ती एकेकाला मागच्या खोलीत न्यायची, बाहेर आली की गम्बो ढवळायची. आपल्या माणसांच्या गलक्यात ती तरुण दिसत होती. मला वाटलं, झालं, आता मामाला हवं ते सगळं घरबसल्या मिळालं.

मामा बाहेर होता. ट्रकचं बॉनेट उघडून ड्रायव्हरला विचारत होता, "पुलावर गर्दी होती का? लेक चार्ल्सचा तो वळणाचा रस्ता केला का नीट? भात कुठपर्यंत आलंय?"

पुढच्या शुक्रवारी चारला मी फाटकाबाहेर आलो तर शेवरोले उभी. इंजिन बंद. मामा स्टिअरिंगमागे नव्हता, शेजारच्या सीटवर बसला होता.

"तू चालव," तो म्हणाला. "डॉक्टरने चालवू नको म्हटलंय. बसू नको असं म्हटलेलं नाही."

"मामीला सांगितलंस?"

"वाटेत घर लागतंच."

मामी दारात आली. गाडी आणि आम्हाला बघून तिने ऍप्रन सोडला. "कोण आजारी आहे?"

"कुणी नाही."

"मग बोलावलं कुणी?"

"कुणी नाही गं. आईच्या घराचं छप्पर बघून येतो जरा. पावसाआधी."

छप्पर मीच वसंतात ठोकून आलो होतो, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती आत गेली, कॉफीची बाटली आणली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली, त्याच्या नाही.

पुलावर मी सवयीने गाडी हळू केली. मामानेही तोंड उघडलं, "मी घरी चाललोय." मग थांबला. बाकीचं म्हणायचं काही कारण उरलं नव्हतं. तो नदीकडे बघत बसला.

सकाळी ओसरीवर कुणी नव्हतं. मामा आवरून, दाढी करून, खुर्ची बाहेर टाकून बसला. नंतर उठून गावातून फिरून आला. अर्ध्या घरांना कड्या. शेवटी आझेमा आजी तिच्या दारात बसलेली सापडली. ती माझ्या आजीच्या पिढीतली, गावात सगळ्यांवर ओरडायचा तिला परवाना होता.

"काय रे, चुकलास का?" ती म्हणाली. "सगळे तुझ्याकडेच गेलेत, उजाडता उजाडता. मला ट्रकवर चढवेना म्हणून राहिले मी."

"माझ्याकडे?"

"एल्मीरकडे. एकच ना ते." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू कशाला आलास?"

"असाच. तुझा गुडघा कसा आहे?"

"दुखतोय. पण तुला सांगून काय उपयोग? तुझ्याकडे आता आहे काय?"

ती वाईट बाई नव्हती. खरं तेच बोलली. पण मामाने टोपी काढली, आत काही ठेवलंय का बघितल्यासारखं तिच्यात बघितलं, आणि परत घातली. ऊन अजून डोक्यावर आलं नव्हतं तोच तो मला म्हणाला, "चल, ती-लेओ, निघू. घरी माणसं आली असतील. एल्मीर एकटी काय काय बघणार?"

लेक चार्ल्सच्या पलीकडे समोरून तांदळाचा ट्रक आला. लाँसची माणसं परत निघाली होती. आम्हाला बघून पोरांनी हात हलवले, ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मामा खिडकीतून अर्धा बाहेर निघून मागे बघत राहिला, ट्रक दिसेनासा होईपर्यंत. मग आत येऊन म्हणाला, "थोडं उशिरा निघालो असतो तर भेटले असते."

"कुठे?"

"लाँसमध्ये."

"आणि लवकर निघालो असतो तर तुझ्या घरी भेटले असते," मी म्हणालो. मी चिडलो होतो. तो चिडला नाही. विचार करत म्हणाला, "तेही खरं."

घरी पोचलो तर मामी कपांचा ढीग धूत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "भेटलं कुणी?"

"आझेमा भेटली."

"छप्पर?"

"ठीक आहे."

तिने हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. मी निघायला लागलो तर म्हणाली, "बस, ती-लेओ. तू साक्षीला असतोस ना याच्या, मग आताही राहा." मग मामाकडे वळली. "इतकी वर्षं मी समजत होते की ते बोल तुला ओढून नेतात. म्हणून मी ते घेतले. मला ते नको होते, ओनेझीम. मला तू हवा होतास. शनिवारी, त्या खुर्चीत."

"मलाही तसंच वाटत होतं," मामा म्हणाला. "बोलांसाठीच जातोय असं मलाही वाटत होतं. आईची शपथ."

"आणि आता?"

"आता इथे बसलो की तिकडे काहीतरी राहिलंय असं वाटतं. तिकडे गेलो की इथे."

"काय राहिलंय?"

"ते कळलं असतं तर एकदाच जाऊन घेऊन आलो असतो, एल्मीर."

ती म्हणाली, "मग हे परत घे. मला नको."

"परत कसं घेऊ? मी मोठा आहे तुझ्याहून. मोठ्याला देता येत नाहीत."

मामीला हसू आलं. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले, आणि ती ते पुसेना. "म्हणजे मी बांधली गेले," ती म्हणाली, "आणि तू सुटलास." मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खराच प्रेमाचा होता. म्हणून तर मला तिथे बसवेना.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. गल्लीतल्या एका वेल्डरची बायको होती, कडेवर तीन वर्षांची मुलगी, भाताच्या पेजेने हात पोळलेला. पोर कोकलत होती. मामीने मनगटाने तोंड पुसलं, कप बाजूला सारले, मुलीला टेबलावर बसवलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे ओठ हलायला लागले. बोल सुरू झाले की घराला आग लागली तरी मध्ये तोडता येत नाहीत.

मामा दाराला टेकून उभा होता. त्याने माझी बाही ओढली आणि, आपण अगदी हळू बोलतोय अशा समजुतीत, विचारलं, "ती-लेओ, येत्या शुक्रवारी चारलाच निघू ना?"

मामीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलतच होते.